प्रात्यक्षिके प्रत्यक्षच हवीत, पण रविवारी का नकोत?

प्रति,
मा. अध्यक्ष, विद्यापीठ अनुदान आयोग, नवी दिल्ली
मा. अध्यक्ष, राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग, नवी दिल्ली
मा. कुलगुरू, महाराष्ट्रातील सर्व विद्यापीठे

विषय : नोकरी करणाऱ्या प्रयोगशाळा तंत्रज्ञांना बायोमेडिकल सायन्सची पदवी अंशकालीन पद्धतीने घेता येण्याबाबत

महोदय,

सादर नमस्कार.

मी बार्शीतील एका खासगी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. बारावी सायन्सनंतर डीएमएलटी (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका) केले तेव्हा घरात लगेच पगार सुरू होणे गरजेचे होते, त्यामुळे पदवीचे 'नंतर बघू' असे ठरले. त्या 'नंतर'ला आता १४ वर्षे झाली. माझे वय ३६, मुलगी नववीत, ड्यूटी तीन पाळ्यांत फिरती. अशा परिस्थितीत मला बायोमेडिकल सायन्सची पदवी घ्यायची आहे, आणि ती शिकून घ्यायची आहे. त्यासाठी गेली तीन वर्षे मी चौकशा करते आहे. त्या चौकशांतून जे कळले ते आपल्यापुढे ठेवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते खुले ठेवले, कारण ही अडचण माझ्या एकटीची नाही. तालुक्याच्या गावांतील प्रयोगशाळांत रात्री जागणाऱ्या कोणालाही विचारा, थोड्याफार फरकाने हीच कहाणी ऐकायला मिळेल.

निमित्त आपल्याच एका निर्णयाचे आहे. आरोग्यसेवा आणि तिच्याशी संलग्न विषयांतील अभ्यासक्रम २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन पद्धतीने चालवता येणार नाहीत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने जाहीर केले. संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांच्या २०२१ च्या कायद्याखाली येणारे सर्व विषय त्यात आले. मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, अन्न व पोषणशास्त्र ही नावे तर स्वतंत्रपणे घेतली गेली. त्या वर्षी नवे प्रवेश थांबले. माझ्यासारख्यांच्या मनात 'निदान सूक्ष्मजीवशास्त्र तरी बाहेरून करू' असा जो एक शेवटचा मार्ग होता, तोही बंद झाला.

या बंदीला माझा विरोध नाही, हे आधीच स्पष्ट करते, म्हणजे पुढचे वाचताना गैरसमज व्हायला नको. घरबसल्या पदवीच्या जाहिराती एसटी स्टँडच्या भिंतींवर मी वर्षानुवर्षे पाहिल्या आहेत. ज्याने कधी न्यूबॉर चेंबरच्या आखीव काचेवर पेशी मोजल्या नाहीत, नमुन्यातल्या रक्तपेशी फुटल्या आहेत की नाही हे सीरमच्या रंगावरून ओळखले नाही, त्याच्या हाती रुग्णाचे रक्त देऊ नये, हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. सूक्ष्मदर्शकाचे बारीक स्क्रू फिरवणे व्हिडिओ पाहून येत नाही. तेव्हा प्रात्यक्षिके प्रत्यक्षच व्हावीत आणि शिक्षकाच्या नजरेखाली व्हावीत, यावर आपले आणि माझे एकमत आहे. माझी तक्रार त्यापुढची आहे. शिक्षण कुठे व्हावे हे ठरवताना ते केव्हा व्हावे हेही आपण न बोलता ठरवून टाकले. दूरशिक्षण बंद झाल्यावर उरले ते फक्त सोमवार ते शनिवार, सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच या वेळेतले पूर्णवेळ महाविद्यालय, आणि ज्या माणसाला दिवसा नोकरी आहे किंवा रात्रपाळी करून दिवसा झोपायचे आहे, त्याच्यासाठी पर्यायी व्यवस्था काय, याबद्दल एक ओळही कुठे आढळली नाही.

पदवी कशासाठी हवी, असा प्रश्न मला घरातही विचारला गेला आणि प्रयोगशाळेतही. त्याचे उत्तर देण्यासाठी डेंग्यूच्या दिवसांतली एक रात्र सांगते. दीडच्या सुमारास एका पस्तिशीच्या रुग्णाचा सीबीसी (रक्तपेशींच्या मोजणीचा तपास) आला. पेशी मोजणाऱ्या मशीनने, म्हणजे काउंटरने, प्लेटलेट्स ३८,००० दाखवल्या. वॉर्डात धावपळ सुरू झाली, रक्तपेढीला फोन गेला, सोलापूरला हलवायचे का याची चर्चा झाली, नातेवाइकांचे चेहरे उतरले. पण रुग्णाच्या अंगावर ना लाल ठिपके होते, ना हिरड्यांतून रक्त येत होते, आणि मशीनवरच्या प्लेटलेटच्या आलेखाचा उजवा शेवट खाली बसण्याऐवजी वर उचलला होता. आकडा मला पटेना. मी स्लाइडवर रक्ताचा पातळ थर (स्मिअर) ओढला, लिशमन रंगाने रंगवला आणि त्याच्या शेपटाकडे सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तर प्लेटलेट्स पुंजक्या-पुंजक्यांनी एकमेकींना चिकटून बसलेल्या. जांभळ्या टोपणाच्या नळीत ईडीटीए हे रक्त गोठू न देणारे रसायन असते. काही माणसांच्या प्लेटलेट्स त्यात गोळा होतात आणि मशीन त्या गोळ्यांना प्लेटलेट म्हणून मोजतच नाही. निळ्या टोपणाच्या, सायट्रेटच्या नळीत नमुना पुन्हा घेतला. १,७४,००० आल्या. सायट्रेटच्या द्रवाने रक्त थोडे पातळ होते म्हणून १.१ ने गुणले, १,९१,४०० झाल्या. डॉक्टरांना फोन केला. सकाळी ड्यूटी संपवून निघाले तेव्हा तो गृहस्थ वॉर्डात चहा पीत बसला होता.

हे मला कोणत्याही वर्गात शिकवले गेले नव्हते. 'आकडा पटला नाही तर स्लाइड बघायची', एवढा एक धडा माझ्या जुन्या वरिष्ठांनी दिला होता, तो उपयोगी पडला. पण प्लेटलेट्स गोळा का होतात, असे त्या रात्री कोणी विचारले असते तर मला सांगता आले नसते. ईडीटीए कॅल्शियम धरून ठेवते म्हणून नळीतले रक्त गोठत नाही, इथपर्यंत ठीक होते. कॅल्शियम काढून घेतल्यावर प्लेटलेटच्या पृष्ठभागावरील प्रथिनाची ठेवण बदलते, एरवी झाकलेला त्याचा भाग उघडा पडतो आणि काहींच्या रक्तातील प्रतिपिंडे नेमकी तिथे जाऊन चिकटतात, हे मी पुढे एका उसन्या पुस्तकात वाचले, आणि ते कळण्यासाठी इम्युनॉलॉजीचे प्रकरण तीनदा पहिल्यापासून सुरू करावे लागले. पेशीविज्ञान, शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायन, प्रतिकारशास्त्र, आनुवंशिकी, रोगशास्त्र हे सगळे बायोमेडिकल सायन्सच्या अभ्यासक्रमात एका धाग्यात येते. काय करायचे ते माझ्या हातांना कळते. तसे का करायचे हे सलग, शिस्तीने शिकावे, ही माझी इच्छा आहे.

बढतीचा भागही आहे, तो लपवत नाही. इनचार्जच्या जागेला पदवी लागते. ज्या मुलांना मी काउंटरचे कॅलिब्रेशन शिकवले, रोजचा कंट्रोल (ज्याचा आकडा आधीच माहीत असतो असा नमुना) लावून त्याचा आलेख कसा वाचायचा ते दाखवले, त्यांतली दोघे आज माझ्या वरच्या जागेवर आहेत. गुणी मुले आहेत, त्यांच्याबद्दल आकस नाही. आणि एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण आमच्या मागण्या निघाल्या की हा संशय लगेच घेतला जातो: रिपोर्टवर सही करण्याचा हक्क मी मागत नाही. प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांचीच सही हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितले आहे. तो विषय तिथेच संपला.

आता अनुभव सांगते. जिल्ह्याच्या ठिकाणी एका महाविद्यालयात मी प्रवेशाची चौकशी करायला गेले होते. बार्शीहून वैरागमार्गे सोलापूर, एका बाजूला साधारण ७० किलोमीटर. रात्रपाळी संपवून सकाळची एसटी पकडली होती. खिडकीतल्या बाईंनी फॉर्म पाहिला, माझे वय पाहिले आणि आपुलकीनेच म्हणाल्या, "ताई, रोज यायला जमणार आहे का? पंचाहत्तर टक्के हजेरी लागते. प्रॅक्टिकलची बॅच अकरा ते तीन." मी विचारले, शनिवार-रविवारची बॅच असते का? त्यांनी शेजारच्या कारकुनाकडे पाहिले, दोघांनाही हसू आले. त्या हसण्यात वाईट काही नव्हते. असा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारलाच नव्हता.

बाहेर चहाच्या टपरीवर मात्र उत्तर तयार होते. फॉर्म हातात बघून एक गृहस्थ स्वतःहून बोलायला आले. अमुक ठिकाणी प्रवेश घेऊन देतो, हजर राहायची गरज नाही, परीक्षेपुरते या, प्रॅक्टिकलच्या जर्नलची व्यवस्था होते, फक्त फी थोडी वर द्यावी लागेल. आमच्या व्यवसायात याला 'नॉन-अटेंडिंग' म्हणतात, आणि हा शब्द सगळ्यांना ठाऊक आहे. जे शिक्षण दर्जाच्या काळजीने दूरस्थ पद्धतीने बंद केले गेले, तेच हजेरीपटावर खोटी सही करून नियमित म्हणून मिळते. दूरशिक्षणात निदान अभ्यासाची पुस्तके तरी घरी येत. सरळ मार्गाने जाणाऱ्याला वेळापत्रक आडवे येते आणि आडमार्गाने जाणाऱ्याला काहीच आडवे येत नाही, याचा दोष एका दलालावर टाकून भागणार नाही. कायदेशीर अंशकालीन मार्ग उपलब्ध नसणे हेच त्याच्या धंद्याचे भांडवल आहे.

माझी पहिली तक्रार लवचीकतेच्या घोषणांबद्दल आहे. २९ जुलै २०२० रोजी राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले. एक वर्ष झाल्यावर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स, अशी केव्हाही थांबण्याची सोय झाली. पुढच्या वर्षी श्रेयांक साठवण्यासाठी अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स सुरू झाली. हे सारे मी मोठ्या आशेने वाचले होते. पण नीट पाहिले तर ही लवचीकता प्रामुख्याने शिक्षण सोडणाऱ्यासाठी आहे. बाहेर पडायची दारे चार झाली, आत यायचे दार पूर्वीइतकेच अरुंद राहिले, आणि तेही सकाळी अकराला उघडते. आम्ही शिक्षण मध्येच सोडू, याची इतकी तरतूद करून ठेवली आहे. आम्ही नोकरी न सोडता शिकू, याची तरतूद त्या मानाने फारच थोडी आहे.

त्यातली एक बारीक अडचण कोणाच्या ध्यानात आलेली दिसत नाही. श्रेयांकांच्या बँकेत जमा झालेले श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षे वैध राहतात. पूर्णवेळ शिकणाऱ्याला सात वर्षे म्हणजे पुष्कळ. पण वर्षाला जेमतेम वीस-पंचवीस श्रेयांक पदरात पाडणाऱ्या बाईला मध्येच बाळंतपण आले, सासूबाईंचे आजारपण आले, की दोन वर्षे जातात, आणि पदवीच्या उंबरठ्यावर पोचेपर्यंत पहिल्या वर्षीचे श्रेयांक मुदतबाह्य व्हायला लागतात. रक्तपेढीतल्या पिशवीला मुदत असते ते समजते. पेशीचे विभाजन कसे होते याचे ज्ञान आठव्या वर्षी कसे नासते?

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे आणि ती दोन्ही आयोगांना उद्देशून आहे, कारण आपल्या दोघांचे नियम एकमेकांशी बोलत नाहीत. २०२१ च्या कायद्यात आरोग्यसेवा व्यावसायिकाची व्याख्या आहे. त्याची पदवी किमान ३,६०० तासांची असावी आणि ते तास तीन ते सहा वर्षांत विभागलेले असावेत, असे ती म्हणते. म्हणजे संसदेने तास मोजले आणि सहा वर्षांपर्यंतची सवड दिली. ते तास कामाच्या दिवशी कार्यालयीन वेळेतच भरावेत, असे या व्याख्येत नाही. दुसरीकडे, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२५ च्या नियमांत विद्यार्थ्याला पदवी संथ गतीने पूर्ण करण्याची मुभा दिली, हे स्वागतार्ह आहे, पण मुदतवाढ दोन सत्रांची. तीन वर्षांच्या पदवीला चार वर्षे. कायदा सहा वर्षे म्हणतो आणि नियम चार वर्षांवर थांबतो. मधली दोन वर्षे कुठे गेली?

मी वहीत हिशोब मांडून पाहिला आहे. ३,६०० तास सहा वर्षांत करायचे तर वर्षाला ६०० तास. वर्षातले ४० रविवार धरले आणि प्रत्येक रविवारी सहा तास प्रयोगशाळेत घालवले तर २४० तास होतात. दिवाळीत आणि उन्हाळ्यात दहा-दहा दिवसांचे, रोज सात तासांचे सलग वर्ग ठेवले तर आणखी १४०. उरले २२०. त्यांतले बरेचसे थिअरीचे असतील, ते संध्याकाळच्या वर्गांत किंवा स्वयम् या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावरून भरता येतील. एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंतचे अभ्यासक्रम स्वयम्‌वरून करण्याची परवानगी आपल्याच २०२१ च्या नियमांनी विद्यापीठांना दिली आहे. यात प्रयोगशाळेचा एक तासही कमी होत नाही. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला सत्रात ३० तास लागतात. ते तीस तास पाच रविवारी भरले काय आणि पंधरा मंगळवारी भरले काय, पिपेट तीच असते.

तिसरी तक्रार अनुभवाच्या मोजमापाची. पूर्वीच्या शिक्षणाला आणि कामातून मिळवलेल्या कौशल्याला मान्यता देऊन श्रेयांक द्यावेत, हे तत्त्व २०२५ च्या नियमांत मान्य आहे. माझ्या १४ वर्षांचे किती श्रेयांक होतील, असे मी ज्या-ज्या ठिकाणी विचारले, तिथे-तिथे 'अजून गाइडलाइन आलेली नाही' हे उत्तर मिळाले. आज मी नियमित प्रवेश घेतला तर पहिल्या सत्रात मला ईएसआर (रक्तपेशी तळाशी बसण्याच्या वेगाची तपासणी) कसा लावायचा आणि स्मिअर कसा काढायचा हे नव्याने शिकवले जाईल. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या बीपीएमटी या पॅरामेडिकल तंत्रज्ञानाच्या पदवीत तीन वर्षांच्या शिक्षणानंतर एक वर्षाची इंटर्नशिप असते. नवशिक्यांना ती हवीच, पण मी ती करायची म्हणजे ज्या खुर्चीवर बसते आहे तिथून उठून, पगार सोडून, शेजारच्या खुर्चीवर शिकाऊ म्हणून बसण्यासारखे आहे.

नुसत्या अनुभवपत्रावर श्रेयांक द्या, असे मी म्हणत नाही. अनुभवपत्रे कशी मिळतात हे मला आणि आपल्यालाही माहीत आहे. परीक्षा घ्या आणि ती प्रयोगशाळेच्या बाकावर बसवून घ्या. उदाहरण म्हणून एक रिपोर्ट हातात द्या: पोटॅशियम ९ च्या वर, कॅल्शियम ३ च्या खाली, आणि रुग्ण मात्र खाटेवर बसून गप्पा मारतो आहे. विचारा, काय झाले असेल? ज्याने काम केले आहे तो सांगेल की कोणीतरी जांभळ्या नळीतले रक्त लाल नळीत ओतले. ईडीटीएच्या पोटॅशियमयुक्त क्षारामुळे पोटॅशियम चढले, आणि ईडीटीएने कॅल्शियम धरून ठेवल्यामुळे ते उतरले. नमुना नव्याने मागवायचा आणि हा रिपोर्ट बाहेर जाऊ द्यायचा नाही. असे वीस प्रश्न आणि चार तासांचे काम समोर बसून करायला लावले, तर कोणाला किती श्रेयांक द्यायचे हे परीक्षकाला संध्याकाळपर्यंत कळेल.

हे सगळे अशक्य कोटीतले आहे, असे कोणी म्हणू नये. अभियांत्रिकीत हे झाले आहे. नोकरी करणाऱ्या डिप्लोमाधारकांना कामाच्या वेळा सांभाळून, थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेऊन पदवी करता यावी, यासाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२३-२४ पासून महाविद्यालयांना स्वतंत्र तुकड्यांची परवानगी दिली. कारखान्यात यंत्र चालवणारा माझा मावसभाऊ संध्याकाळी इंजिनिअरिंगला जातो आणि मला त्याचा अभिमान आहे, पण रुग्णालयात यंत्र चालवणाऱ्या त्याच्या बहिणीला ती सोय का नाही, हे त्यालाही सांगता येत नाही. आरोग्यक्षेत्रात वेगळे निकष लागतात म्हणाल, तर नोकरीतल्या परिचारिकांसाठी पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग हा अभ्यासक्रम इग्नूने रुग्णालयातील प्रात्यक्षिकांसह वर्षानुवर्षे चालवला आहे. आणि नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद तर १९८९ पासून आपण ऐकत आलो. गंगा घरापर्यंत नको, प्रयोगशाळेपर्यंत आम्ही चालत येऊ. फक्त रविवारी तिला पाणी असावे.

परदेशाचे दाखले देण्याची मला हौस नाही, तरी एक देते. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने १९७१ मध्ये शिकवायला सुरुवात केली तेव्हा विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी हातात मावेल असा प्लॅस्टिकचा स्वस्त सूक्ष्मदर्शक खास तयार करून घेतला होता. त्या देशात बायोमेडिकल सायंटिस्ट हे नाव लावायला कायद्याने नोंदणी लागते, रुग्णालयाच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत प्रशिक्षण घेऊन त्याची नोंदवही तपासून घ्यावी लागते. नियम आपल्यापेक्षा सैल नाहीत. तरीही प्रयोगशाळेत नोकरी करत अंशकालीन पदवी घेण्याची वाट तिथे आहे, आणि जिथे माणूस काम करतो ती प्रयोगशाळाच त्याच्या शिक्षणाचा भाग धरली जाते.

चौथा मुद्दा नावाचा, तो थोडक्यात. दिल्ली विद्यापीठाच्या काही महाविद्यालयांत बायोमेडिकल सायन्सची ऑनर्स पदवी अनेक वर्षे शिकवली जाते, इतर ठिकाणीही या नावाच्या पदव्या निघाल्या आहेत. २०२१ च्या कायद्याच्या परिशिष्टात मात्र पदव्यांची नव्हे, पेशांची नावे आहेत: वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञ, जैवतंत्रज्ञ, ऊतीतंत्रज्ञ वगैरे. कोणती पदवी घेतली असता कोणत्या पेशात नोंदणी मिळेल, हे प्रवेश घेण्यापूर्वी विद्यार्थ्याला एका पानावर वाचायला मिळाले पाहिजे. सहा वर्षे रविवार खर्च करून शेवटी 'ही पदवी नोंदणीला चालत नाही' असे ऐकण्याची जोखीम आम्ही घेऊ शकत नाही.

महाविद्यालयांची बाजूही मला ठाऊक आहे. शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत, तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक चार ठिकाणी धावतात, रविवारी प्रयोगशाळा उघडायची तर परिचरापासून विजेपर्यंत खर्च आहे. त्यांचा रविवार आम्हाला फुकट नको. वाजवी शुल्क आम्ही देऊ. टपरीवरच्या गृहस्थांनी सांगितलेल्या रकमेपेक्षा ते खात्रीने कमी असेल.

तेव्हा आमच्या मागण्या अशा आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने आपल्या २०२५ च्या निर्णयाला पूरक असे परिपत्रक काढून स्पष्ट करावे की बंदी दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीवर आहे, प्रत्यक्ष प्रात्यक्षिकांसह चालणाऱ्या अंशकालीन, संध्याकाळच्या किंवा शनिवार-रविवारच्या पदवीवर नाही. आज महाविद्यालये 'वरून परवानगी नाही' असे सांगतात. ती परवानगी लागते की नाही हे तरी एकदा लेखी कळू द्यावे. जीवविज्ञान व प्रयोगशाळाशास्त्राच्या पदव्यांसाठी मुदत सहा वर्षांपर्यंत वाढवावी आणि अंशकालीन विद्यार्थ्यांच्या श्रेयांकांची वैधता त्यानुसार दहा वर्षे करावी. संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाने नोकरीतील तंत्रज्ञांच्या पूर्वानुभवाचे मूल्यमापन करणारी प्रत्यक्ष परीक्षा आखावी, ती प्रत्येक महसुली विभागात निदान एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात वर्षातून दोनदा घ्यावी, आणि पदव्या व नोंदणी यांचा तक्ता प्रसिद्ध करावा. महाराष्ट्रातील कुलगुरूंनी एवढे करावे की प्रत्येक विद्यापीठाच्या क्षेत्रात एका तरी महाविद्यालयात अशी एक तुकडी सुरू करावी. वीस जणांची चालेल. डीएमएलटी आणि ठरावीक वर्षांचा अनुभव असणाऱ्याला दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश द्यावा. हजेरीची अट शिथिल करू नये. उलट बायोमेट्रिक लावा, कॅमेरा लावा, पंचाहत्तरऐवजी नव्वद टक्के करा. आम्ही येऊ.

रुग्णालयांच्या व्यवस्थापनांसाठी एक विनंती जाता जाता करते. पाळ्यांचे वेळापत्रक महिनाभर आधी लावले, तर शिकणाऱ्या तंत्रज्ञाला रविवार मोकळा देणे अवघड नाही. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही सहा जण आहोत. तिघांना पदवी करायची आहे, आणि कोणी कोणाचा रविवार घ्यायचा हे आम्ही आपसात ठरवूनही टाकले आहे. भिंतीवर तो तक्ता लावलेला आहे. रविवारच्या रकान्यात माझ्या नावासमोर 'कॉलेज' असे पेन्सिलने लिहिले आहे.

पुढील प्रवेशप्रक्रिया सुरू होण्यापूर्वी या पत्राचे उत्तर मिळावे, ही विनंती. ते मराठी, हिंदी, इंग्रजी कोणत्याही भाषेत चालेल. नकार असेल तर तो कोणत्या नियमाच्या कोणत्या कलमाखाली आहे तेवढे त्यात नमूद करावे, म्हणजे पेन्सिलचा तो शब्द खोडायचा की शाईने गिरवायचा, हे आम्हाला ठरवता येईल.

आपली विश्वासू,
एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ
बार्शी, जि. सोलापूर